किरणोपचारानंतर घरी परतताना

मुंबईजवळच्या हाटकेशहून परळच्या टाटा रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिओथेरपी (किरणोपचार) घ्यायला जाणाऱ्या बाईला घरचेच कधी सांगतात, ‘नातवाला जवळ घेऊ नकोस.’ किरण बाळाला बाधतील ही भीती मायेपोटी असली तरी निराधार आहे.

या उपचारात लिनॅक (शक्तिशाली क्ष-किरण सोडणारे यंत्र) बाहेरून नेमक्या जागी मारा करून उरलेल्या कर्करोगाच्या पेशी मारते. दिवा मालवला की खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच यंत्र थांबताच शरीरात किरण उरत नाहीत. बाळाला खुशाल कुशीत घ्यावे, सोबत जेवावे.

उपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालतो. किरण काही मिनिटेच असतात आणि दुखत नाहीत. खरी दमछाक लोकलच्या गर्दीत होते. उपचारानेही थकवा येतो, त्वचा लाल किंवा काळपट पडते, आणि हा त्रास उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो. डोक्यावरचे केस मात्र यामुळे जात नाहीत. ते केमोथेरपीने (कर्करोगावरच्या औषधांनी) गळतात. नेमकी जागा कळावी म्हणून त्वचेवर काढलेल्या खुणा पुसू नयेत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नये.