‘काल आलास आणि आम्हाला शिकवतोस?’

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलाला घरातून दोन सल्ले हमखास मिळतात. वडील म्हणतात, पहिल्या दिवसापासून छाप पाड. मामा म्हणतो, वर्षभर मान खाली घालून काम कर. दोघांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि गैरसमज भरपूर.

गैरसमज: वर्षभर गप्प बसलं की बोलायचा अधिकार मिळतो.

नुसते दिवस भरून काही मिळत नाही. एडविन हॉलंडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली मांडलं, की गटात माणसाची पत जमते ती कामातल्या हुशारीने आणि गटाच्या रीती पाळण्याने. वेगळं काही बोलायचं तर ती पत खर्च होते. वेळेवर येणारा, दिलेला जॉब चोख करणारा ट्रेनी तिसऱ्या महिन्यात बोलला तरी लोक ऐकतात. रोज उशिरा येणाऱ्याचं पाच वर्षांनीही कोणी ऐकत नाही. शिवाय डोळे सरावतात. पहिल्या आठवड्यात खटकलेली गोष्ट दिवाळीपर्यंत दिसेनाशी होते. म्हणून बोलायची घाई नको, पण वहीत टिपून ठेवायला पहिल्याच दिवशी सुरुवात करावी.

गैरसमज: जुनी पद्धत म्हणजे जुन्या लोकांचा आळस.

चाकण-भोसरीकडच्या कितीतरी कारखान्यांच्या गेटवर सिक्युरिटीवाला गाडीचा नंबर, चलन नंबर आणि वेळ रजिस्टरात हाताने लिहितो. तोच माल स्टोअरला पोचला की संगणकावर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद होते. नवा इंजिनिअर म्हणतो, ‘हे डबल काम कशाला? रजिस्टर बंद करा.’ पण माल आत कधी आला हे रजिस्टर सांगतं, आणि त्यातला किती मोजून घेतला हे जीआरएन. गाडी दुपारी आली आणि दुसऱ्या दिवशी रिकामी झाली, तर ट्रान्सपोर्टरशी होणाऱ्या वादात रजिस्टरच कामी येतं.

हे कळायला स्टोअरकीपरला एकच प्रश्न विचारायचा: ‘हे बंद केलं तर कोणाचं अडेल, काका?’ असं विचारणाऱ्याला खरी अडचणही सापडते. गेटवरचा एन्ट्री नंबर चलनावर कोणी टाकतच नाही, त्यामुळे पुढे शोधाशोध होते. गेटवरच चलनावर शिक्का मारून त्यात तो नंबर लिहिला की काम झालं. सूचना लहान आहे, पण मंजूर होण्यासारखी. (आणि ‘आमच्या आधीच्या कंपनीत असं नव्हतं’ हे वाक्य कृपा करून गिळून टाकावं. त्याने आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.)

गैरसमज: मुद्दा बरोबर असला की लोक मानतातच.

इग्नाझ सेमेलवाइस १८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूती विभागात सहायक डॉक्टर म्हणून लागले. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात, हे त्यांनी हेरलं आणि मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बायका दगावत होत्या, जूनमध्ये २. एवढं होऊनही १८४९ साली त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. त्या वेळचं राजकारण त्यांना नडलं, हे खरं. पण आपलं म्हणणं सविस्तर पुस्तकात मांडायला त्यांनी १८६१ साल उजाडू दिलं, आणि नंतर तर विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटलं.

हात धुवा, या सूचनेत ‘बायका तुमच्या हातांनी मेल्या’ हे ऐकणाऱ्याला न सांगता कळत होतं. आपल्या साध्या सूचनेतही ‘इतकी वर्षं तुम्ही चुकत होतात’ असं समोरच्याला ऐकू येतंच. म्हणून ज्याने ती पद्धत बसवली, त्याच्याशी आधी टपरीवर चहा घेताना बोलावं. भर मिटिंगमध्ये नाही.

गैरसमज: सूचना मोठी असली तरच तिला किंमत.

कोडॅक कंपनीने १८९८ साली सूचना योजना सुरू केली, तेव्हाचं पहिलं बक्षीस होतं २ डॉलर, आणि सूचना होती खिडक्यांच्या काचा धुवा, म्हणजे उजेड येईल. टोयोटाने फोर्डच्या कारखान्यात अशी योजना पाहिली आणि १९५१ पासून आपल्याकडे चालवली. भारतातल्या कारखान्यांत छोट्या सुधारणांसाठी भरल्या जाणाऱ्या कायझेन शीटचं मूळ या परंपरेत आहे.

गैरसमज: धोका दिसला तरी नव्याने आधी अंदाज घ्यावा.

इथे वरचं सगळं विसरावं. उघडी वायर, काढून ठेवलेलं मशीनचं गार्ड, गॅसचा वास यांना सूचना म्हणत नाहीत. ते त्याच मिनिटाला सांगायचं असतं. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला जिवाचा धोका जाणवला, तर तो व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्याही कानावर घालण्याचा हक्क तेव्हा कायद्यातच लिहिला गेला. त्यासाठी नोकरी किती वर्षांची हवी, अशी अट त्यात नव्हती.