राउटरमध्ये मॉड्यूल बसवताय? आधी या एका प्रश्नाचं उत्तर शोधा

मोबाईल चालू असताना सिमचा ट्रे बाहेर काढला तर काय होतं? नेटवर्क जातं आणि सिम परत घातलं की येतं. पण चालू मोबाईल उघडून डिस्प्लेचा कनेक्टर उपसला तर? म्हणूनच रिपेअरवाला मोबाईल उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढतो.

राउटरचंही असंच आहे. काही मॉड्यूल चालू राउटरमध्ये बसवता येतात, काहींसाठी राउटर पूर्ण बंद लागतो. मी सॉफ्टवेअर लिहितो, पण ते ज्या राउटरवर चालतं त्यात मॉड्यूलची काढ-घाल करणं हाही माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे हातात स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हा स्लॉट हॉट-स्वॅप आहे का? म्हणजे करंट चालू असताना यात मॉड्यूल घालता येतं का? उत्तर राउटरच्या मॅन्युअलमध्ये असतं. तिथे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर 'नाही' असंच समजा.

बाहेरचा स्लॉट : एसएफपी

राउटरच्या पुढे किंवा मागे धातूची चौकोनी खाच दिसली, तर ती बहुधा एसएफपीची. यात फायबरचं मॉड्यूल बसतं. साधं एसएफपी १ जीबीपीएसपर्यंत आणि एसएफपी प्लस १० जीबीपीएसपर्यंत चालतं. हे हॉट-स्वॅप असतं, म्हणून राउटर बंद करायची गरज नाही. धोका इथे वेगळा आहे.

या मॉड्यूलमध्ये लेझर असतो. त्याची तरंगलांबी साधारण ८५०, १३१० किंवा १५५० नॅनोमीटर असते. आपल्या डोळ्याला साधारण ७५० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश नीट दिसतो. टॉर्च डोळ्यावर आला की आपण पटकन डोळे मिटतो, पण हा प्रकाश जाणवतच नाही, त्यामुळे डोळे मिटतही नाहीत. बहुतेक मॉड्यूल कमी शक्तीची असतात, तरीही नियम पक्का ठेवा: मॉड्यूलच्या तोंडात किंवा फायबरच्या टोकात डोकावून बघायचं नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात काही दिसत नाही म्हणून लेझर बंद आहे, असंही समजू नका. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश त्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

बसवताना आधी मॉड्यूल घाला, 'टिक' आवाज आला की फायबर जोडा. काढताना उलट: आधी फायबर, मग मॉड्यूलची कडी खाली करून मॉड्यूल. आत जात नसेल तर जोर लावू नका, बहुतेक वेळा ते उलटं धरलेलं असतं. धुळीची रबरी टोपी शेवटच्या क्षणी काढा आणि जपून ठेवा, कारण फायबरच्या टोकावरचा धुळीचा एक कणही सिग्नल पाडतो.

आतला स्लॉट : ४जी-५जी कार्ड

गावात फायबर पोहोचलेलं नाही, म्हणून राउटरमध्ये सिमवर चालणारं कार्ड टाकायचं, अशी गरज खूप जणांना असते. ही कार्डं मिनी पीसीआय एक्स्प्रेस किंवा एम.२ प्रकारची असतात आणि राउटरच्या आत बसतात. इथे राउटर बंदच हवा.

विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा. स्लॉटमध्ये कार्ड बसलं म्हणजे ते चालेलच असं नाही. बरीच ४जी कार्डं स्लॉटमधल्या यूएसबीच्या वायरिंगवर चालतात, आणि काही राउटरच्या स्लॉटला फक्त पीसीआय एक्स्प्रेसचं वायरिंग असतं. मग पैसे वाया. एम.२ मध्ये खाच बघा: मोडेमची कार्डं बहुधा 'बी' खाचेची, वायफायची 'ई' खाचेची. राउटर उघडल्याने वॉरंटी जाते का, हेही आधीच वाचून घ्या.

आता क्रमाने करा:

१. राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्या.

२. अडॅप्टरची पिन राउटरमधूनच काढा. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण लाइट गेल्यावर वापरायचा छोटा यूपीएस जोडलेला असेल तर राउटर चालूच राहतो. काही राउटरना लॅन केबलमधूनही करंट मिळतो, म्हणून सगळ्या केबल काढा. मग एखादं मिनिट थांबा.

३. अंगातली स्टॅटिक वीज घालवा. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं, तीच ही वीज. साधारण ३,००० व्होल्टच्या खाली आपल्याला ती जाणवतही नाही, पण चिप काहीशे व्होल्टमध्येसुद्धा खराब होऊ शकते. मनगटाला अँटी-स्टॅटिक पट्टा बांधून त्याची क्लिप राउटरच्या धातूच्या बॉडीला लावा. पट्टा नसेल तर कार्डाला हात लावण्याआधी, आणि मध्ये मध्ये, त्या धातूला स्पर्श करा. सतरंजी किंवा गादीवर बसून हे काम करू नका.

४. कार्ड पिशवीतून शेवटी काढा आणि कडांनीच धरा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

५. कार्ड थोडं तिरकं धरून स्लॉटमध्ये सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू हलक्या हाताने, पिळून नाही.

६. अँटेनाच्या बारीक वायरी सरळ वरून दाबून बसवा. हे छोटे कनेक्टर साधारण ३० वेळाच काढ-घाल करण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून उगाच काढत बसू नका. ४जी कार्डाला बहुधा दोन अँटेना लागतात, ५जीला चार. अँटेना जोडल्याशिवाय राउटर सुरू करू नका.

७. सिम घाला, झाकण लावा आणि सगळ्यात शेवटी अडॅप्टर.

सुरू झालं नाही तर?

लगेच परत उघडू नका. आधी राउटरच्या अ‍ॅडमिन पेजवर कार्ड दिसतंय का बघा. दिसत असेल तर अडचण सहसा सिम, एपीएन किंवा सिग्नलची असते. दिसतच नसेल तर पुन्हा पायरी २ पासून, म्हणजे करंट काढूनच सुरुवात करा. घाईत चालू राउटरमध्ये कार्ड हलवून बघायचा मोह इथेच होतो, आणि कार्ड जळण्याचा धोकाही इथेच असतो.

इंटरनेट कंपनीने दिलेला फायबरचा डबा मात्र उघडू नका. तो बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो. त्याची फायबर काढून आपल्या एसएफपीला जोडली तरी नेट सुरू होत नाही, कारण ते उपकरण कंपनीकडे नोंदलेलं असावं लागतं.