एक ट्रान्समीटर, दोन एलईडी आणि माझी व्हायवा

आजचा भाग माझ्याच फजितीपासून सुरू करतो. बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट होता, वायर न जोडता एलईडी पेटवायचा. टेबलावर तांब्याच्या तारेची मोठी कॉइल, म्हणजे ट्रान्समीटर. हातात दोन छोट्या कॉइल, प्रत्येकीला एक एलईडी. एक धरली की पेटायचा. दुसरी जरा लांब धरली तरी दोन्ही छान पेटायचे. व्हायवाला एक्स्टर्नल म्हणाले, "आता दोन्ही एकावर एक धरा बघू." धरल्या. दोन्ही एलईडी मंद! "पॉवर वाटली गेली, सर," मी ठोकून दिलं. मार्क मिळाले. उत्तर मात्र चूक होतं, आणि हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

आधी मूळ गोष्ट. आपल्या फोनचा वायरलेस चार्जर घ्या. फोन दोन बोटं वर उचलला की चार्जिंग बंद, कारण लांब गेलं की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने विरतं. २००७ साली एमआयटीत मरिन सोल्याचिच आणि त्यांच्या टीमने दोन मीटरवरून ६० वॉटचा बल्ब पेटवला, साधारण ४० टक्के कार्यक्षमतेने. युक्ती रेझोनन्सची. सतारीच्या तरफा आठवा. वरची तार छेडली की खाली त्याच स्वरात लावलेली तरफ न छेडता घुमते, बाकीच्या गप्प. तसंच, दोन्ही कॉइल एकाच फ्रिक्वेन्सीला लावल्या तर क्षीण क्षेत्रातूनही ऊर्जा थोडी थोडी साठत जाते.

यात दोन आकडे महत्त्वाचे. एक कपलिंग, म्हणजे दोन कॉइल एकमेकींना किती 'दिसतात'. दुसरा क्यू, म्हणजे एकदा घुमायला लागल्यावर कॉइल किती कमी ऊर्जा वाया घालवते. कपलिंग कमी असलं तरी क्यू भरपूर असला की भागतं. दोघांचा गुणाकार बघायचा.

आता अनेक उपकरणांचा मुद्दा, जो मला सगळ्यात गमतीदार वाटतो. गुणाकार २ आला, तर लोड नीट जुळवल्यावर जास्तीत जास्त ३८ टक्के ऊर्जा पोचते. तेवढंच कपलिंग असलेलं दुसरं उपकरण ठेवलं, तर एकूण ५० टक्के. चार ठेवली तर ६१. प्रत्येकाचा वाटा कमी होतो हे खरं, पण एकूण वाया जाणं घटतं! कारण ट्रान्समीटरची कॉइल तापण्यात ऊर्जा घालवतेच. घेणारे वाढले की त्या खर्चाच्या तुलनेत उपयोगाला जाणारी ऊर्जा वाढते. एमआयटीच्याच लोकांनी २०१० मध्ये दोन उपकरणांवर हे करून दाखवलं.

मग माझे एलईडी मंद का झाले? हिशोबातली एक अट मी मोडली होती: उपकरणांनी एकमेकांना दिसता कामा नये. एकाच लवचिक फांदीला दोन झोके बांधा. एक हलला की फांदी दुसऱ्याला ओढते, आणि दोघांचाही ठेका बदलतो. माझ्या दोन कॉइलमध्ये कपलिंग समजा ०.२ झालं असेल. मग दोघी मिळून आधीपेक्षा सुमारे ९ टक्के खालच्या फ्रिक्वेन्सीला घुमायला लागतात. आणि क्यू १०० असेल, तर कॉइलचा चांगला प्रतिसाद जेमतेम एक टक्क्याच्या पट्ट्यात मिळतो. थोडक्यात, ट्रान्समीटर जुन्याच स्वरात गात होता आणि ऐकणाऱ्या दोघी भलत्याच स्वरात गेल्या होत्या. पॉवर वाटली जायला आधी पोचायला तर हवी ना!

मागच्या दिवाळीत घरी माळ्यावर तो डबा सापडला. दोन्ही कॉइल एकावर एक धरल्या, ट्रान्समीटरला छोटे कपॅसिटर जास्त लावत त्याची फ्रिक्वेन्सी खाली आणली, आणि तिसऱ्या प्रयत्नात दोन्ही एलईडी लख्ख पेटले. आई म्हणाली, "हे तेव्हाच का नाही केलंस?" मी काही बोललो नाही. मग दोन्ही कॉइल वेगळ्या केल्या, तर पुन्हा मंद. टेबलावरचा फोन कोणी जरा सरकवला, दुसरा त्याच्या शेजारी ठेवला, की हेच होणार. म्हणून अशा चार्जरला सतत स्वतःचं ट्यूनिंग तपासत बसावं लागतं. ते सर्किट कसं करतं, हे पुढच्या भागात.