घर बदलताय? ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ला ॲडव्हान्स देण्याआधी काय तपासाल?

समजा, पुण्यातल्या कोथरूडमधून बंगळूरुला घर हलवायचे आहे. फोनवर दर ठरला १८ हजार रुपये. निम्मे पैसे ॲडव्हान्स गेले, सामान ट्रकमध्ये चढले. चौथ्या दिवशी ट्रक नव्या सोसायटीच्या गेटबाहेर उभा राहतो आणि ड्रायव्हर म्हणतो, ‘ऑफिसला फोन लावा.’ ऑफिसचे उत्तर : सामान जास्त निघाले, आणखी १२ हजार टाका, मगच दार उघडेल. घरात लहान मूल आणि अंथरूण-पांघरूण ट्रकमध्ये. अशा वेळी बहुतेक जण पैसे भरून मोकळे होतात.

उदाहरण काल्पनिक असले तरी पद्धत जुनी आहे. ती टाळायची तर तपासणी ट्रक दारात येण्याआधीच करायला हवी.

दर इतके वेगळे का येतात?

एखाद्या वेबसाइटवर नंबर टाकला की दहा मिनिटांत पाच-सहा फोन येतात. यातले अनेक जण दलाल असतात. त्यांच्याकडे ना गाडी, ना माणसे. ते काम पुढे दुसऱ्याला देतात. घर न पाहता फोनवर सांगितलेला सगळ्यात कमी दर म्हणूनच धोक्याचा. घरी येऊन किंवा व्हिडीओ कॉलवर सामान पाहणाऱ्यांकडूनच लेखी दर घ्या, तेही किमान तिघांकडून. त्यात पॅकिंग, हमाली, भाडे, जीएसटी, लिफ्ट नसल्यास मजल्यांचे पैसे आणि कपाट-पलंग खोलून जोडण्याचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. गाडी फक्त तुमच्यासाठी आहे की ‘पार्ट लोड’, हेही विचारा. पार्ट लोडमध्ये इतरांचेही सामान असते. ते स्वस्त पडते, पण वाटेत गोदामात सामान उतरवून पुन्हा चढवले जाऊ शकते आणि दिवसही जास्त लागतात.

कंपनी खरी आहे हे कसे ओळखायचे?

जीएसटी क्रमांक मागा. तो १५ अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरे पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही तो शोधता येतो. तिथले कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे पाहा. नामांकित कंपनीच्या नावात एखादा शब्द जोडून दुकान थाटणारे इथेच सापडतात. पैसे ज्या बँक खात्यात मागितले, त्याचे नाव आणि कोटेशनवरचे नाव एकच हवे. एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर ॲडव्हान्स मागितला तर तिथेच थांबा.

दुसऱ्यांचा माल भाड्याने वाहून नेणाऱ्यांना ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’नुसार परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांकही मागा. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर काय ते समजून जा.

बिल्टी आणि विमा : गफलत नेमकी इथेच

सामान चढल्यावर बिल्टी म्हणजेच मालाची पावती मिळायलाच हवी. त्यावर नगांची संख्या, सामानाची किंमत, भाडे आणि गाडीचा नंबर नोंदलेला आहे ना, ते पाहा. हे महत्त्वाचे, कारण नुकसान झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या १० पटीपर्यंतच मर्यादित असते आणि ती जाहीर केलेल्या किमतीच्याही वर जात नाही. म्हणजे बिल्टीवर भाडे ४ हजार दाखवले, तर मर्यादा ४० हजारांची. घरात दीड लाखाचा टीव्ही-फ्रिज असला तरी!

‘तीन टक्के इन्शुरन्स लावलाय’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते पैसे विमा कंपनीकडे गेले की नाही, हे पॉलिसीचा कागद पाहिल्याशिवाय कळत नाही. कागदावर तुमचे नाव, विमा रक्कम आणि प्रवासाचा मार्ग हवा. फक्त मोडतोड झाली तरी भरपाई मिळते, की अपघात आणि आगीपुरतीच, हेही वाचा.

वाटेत मागितले जाणारे जादा पैसे खरे असतात का?

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ रोजी बंद झाली. या नावांखाली पैसे मागितले तर सरळ नकार द्या. टोल आणि सोसायटीचे शुल्क कोण भरणार, हे मात्र आधीच लिहून घ्या.

शिफ्टिंगच्या दिवशी काय करावे?

- पॅकिंगआधी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन चालू असतानाचा व्हिडीओ काढा.
- प्रत्येक खोक्यावर क्रमांक टाका, यादीवर दोघांच्या सह्या घ्या.
- दागिने, रोकड, मूळ कागदपत्रे, लॅपटॉप स्वतःजवळ ठेवा.
- दुचाकी पाठवत असाल तर टाकीतले पेट्रोल काढा. आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती द्या.
- नग मोजल्याशिवाय ‘सामान मिळाले’ अशी सही करू नका. मोडतोड असेल तर त्याच कागदावर लिहा.

तरीही फसवणूक झाली तर?

सामान अडवून ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले तर पैसे देण्याआधी ११२ वर पोलिसांना फोन करा आणि कोटेशन दाखवा. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (३) नुसार गुन्हा आहे. ॲडव्हान्स घेऊन कोणी गायबच झाले तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

नुकसानीसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर ‘ई-जागृती’ पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मात्र वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. त्यामुळे नव्या घरात सगळे मार्गी लागल्यावर बघू, असे म्हणू नका. कोटेशन, बिल्टी आणि व्हॉट्सॲपवरचे संभाषण तोवर डिलीट करू नका.