बर्लिनच्या बागा : कुणी लावल्या, कुणी राखल्या

 

आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका शहरात फिरवून आणणार आहोत. जर्मनीची राजधानी बर्लिन. हल्ली आपल्याकडची मुलं-मुली शिकायला, नोकरीला जर्मनीला जातात. त्यांचा व्हिडिओ कॉल आला की मागे झाडं आणि हिरवळ दिसते, आणि आपण म्हणतो, ‘बाई, शहर आहे की जंगल?’ प्रश्न बरोबर आहे. बर्लिनमध्ये ३५ लाखांहून जास्त माणसं राहतात, तरी शहराचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जंगल, बागा, तळी आणि नद्यांनी व्यापलेला आहे. पण ही हिरवाई आपोआप राहिलेली नाही. एकदा ती जवळजवळ संपली होती. ती परत कुणी आणली आणि आज कोण राखतं, हे बागा बघता बघता समजून घेऊ.

पहिली बाग शहराच्या मधोमध आहे. तिचं नाव टियरगार्टन. क्षेत्र २१० हेक्टर, म्हणजे सुमारे ५२० एकर. पूर्वी ही राजाची शिकारीची जागा होती. भोवती कुंपण, आत हरणं आणि रानडुकरं, आणि सामान्य माणसाला मज्जाव. पुढे फ्रीडरिश दुसरा हा राजा आला. त्याला शिकारीचा शौक नव्हता. १७४२ साली त्याने कुंपण काढायला लावलं आणि जागा लोकांना फिरायला मोकळी केली. आज तिथे जायला तिकीट लागत नाही. मोठाली झाडं, लहान तळी, पाण्याचे पाट आणि सावलीतल्या पायवाटा आहेत.

पण तिथली बहुतेक झाडं पाऊणशे वर्षांपलीकडची नाहीत. त्याचं कारण दुसरं महायुद्ध. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा बर्लिन ढिगाऱ्यात होतं. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, आणि घरात जाळायला कोळसा नव्हता. लोकांनी सरपणासाठी टियरगार्टनची झाडं तोडली. दोन लाखांवर झाडं होती, त्यातली ७०० च्या आसपास उरली. मोकळ्या झालेल्या जमिनीचे तुकडे पाडून लोकांनी तिथे बटाटे आणि भाजीपाला लावला. चूल पेटवायला काही नसेल तर माणूस काय करतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्या बायांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्या पोरांना थंडीत ऊब त्याच लाकडाने मिळाली.

मार्च १९४९ मध्ये तिथे पुन्हा झाडं लावायला सुरुवात झाली. त्या वेळी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी चालू होती. रशियाने रस्ते आणि रेल्वे अडवल्यामुळे धान्य, कोळसा सगळं विमानाने येत होतं. अशा दिवसांत शहराचे महापौर एर्न्स्ट रॉयटर यांनी पहिलं रोप लावलं. ते लिंडन नावाचं झाड. जर्मनीतल्या इतर गावांनी आणि शहरांनी रोपं पाठवली, काही तर विमानातून आली. पुढच्या दहा वर्षांत अडीच लाख रोपं लागली. आज आपण ज्या सावलीत बसू, ती त्या रोपांची आहे.

दुसरी जागा हाजेनहायडे नावाची बाग. तिथे एक टेकडी आहे. बर्लिनची जमीन तशी सपाट, मग टेकडी कुठून आली? ती पडलेल्या घरांच्या विटा-दगडांची आहे. बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या घरांचा ढिगारा कुठेतरी टाकायला हवा होता. तो एका ठिकाणी रचला, वर माती पसरली आणि झाडं लावली. बर्लिनमध्ये अशा बऱ्याच टेकड्या आहेत. फ्रीडरिक्सहाइन नावाच्या बागेतल्या टेकड्यांच्या पोटात तर युद्धातले तोफांचे बुरूज गाडलेले आहेत. आज त्यांवर लोक सकाळी फिरायला जातात आणि बर्फ पडला की मुलं घसरगुंडी खेळतात.

हे ढिगारे उपसायला हजारो बायका होत्या. पुरुष युद्धात मेले होते किंवा कैदेत होते. बायका रांग करून उभ्या राहायच्या आणि बादल्या हातोहात पुढे द्यायच्या. धडक्या विटा निवडायच्या, हातोडीने त्यांचा चुना खरवडायच्या, म्हणजे त्या पुन्हा बांधकामाला वापरता येत. मजुरी थोडी होती, पण या कामाला रेशनचं कार्ड वरच्या वर्गाचं मिळायचं, म्हणून घर चालवण्यासाठी अनेक जणी आल्या. जर्मन भाषेत त्यांना ‘ट्र्युमरफ्राउएन’ म्हणतात, म्हणजे ढिगारा उपसणाऱ्या बायका. हाजेनहायडेच्या बागेत त्यांचा दगडी पुतळा आहे, १९५५ सालचा. बसलेली एक बाई, मांडीवर हातोडा. तो घडवणारी शिल्पकारही बाईच होती, काटारिना झेलिन्स्की-झिंगर. राजा-सेनापतींचे पुतळे सगळीकडे असतात, कामकरी बाईचा पुतळा क्वचित दिसतो. आणखी एक सांगतो. याच बागेच्या कडेला तिथल्या भारतीय लोकांनी श्री गणेशाचं मंदिर उभारायला घेतलं. वर्गणी गोळा करत करत त्याचं काम कितीतरी वर्षं चाललं.

आता तिसरी जागा, टेम्पेलहोफर फेल्ड. फेल्ड म्हणजे माळ. मगाशी नाकेबंदीचं सांगितलं ना, तेव्हा धान्य आणि कोळसा घेऊन विमानं उतरायची, त्यातला एक विमानतळ हा. २००८ साली तो बंद झाला आणि २०१० च्या मे महिन्यात लोकांसाठी खुला केला. सुमारे ३०० हेक्टरचा, म्हणजे साडेसातशे एकरांच्या आसपासचा मोकळा माळ, तोही शहराच्या आत! जिथे विमानं धावायची त्या पट्टीवर आता लोक सायकल चालवतात, मुलं पतंग उडवतात. गवतात चंडोल पक्षी घरटी करतात. त्यांच्या विणीच्या दिवसांत तेवढ्या भागात कुणी जायचं नाही, असा नियम आहे.

एवढी जागा मोकळी दिसल्यावर सरकारने ठरवलं की मध्यभाग तसाच ठेवू, पण कडेने हजारो घरं आणि एक मोठं ग्रंथालय बांधू. बर्लिनमध्ये घरभाडी वाढत होती, घरांची गरज खरी होती. पण लोकांना शंका होती. ही घरं परवडतील कुणाला? आणि एकदा कड गेली की मध्यभाग किती दिवस राहील? लोकांनी सह्यांची मोहीम काढली. सार्वमत घेण्यासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास सह्या लागत होत्या, त्याहून जास्त जमल्या. २५ मे २०१४ रोजी मतदान झालं. नियम असा होता की नुसतं बहुमत पुरे नाही, शहरातल्या एकूण मतदारांपैकी निदान चौथा हिस्सा बाजूने हवा. मत देणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘माळ आहे तसाच ठेवा’ म्हणून सांगितलं, आणि चौथ्या हिश्श्याची अटही पार झाली. माळ राखण्याचा कायदा झाला. तरी वाद मिटलेला नाही. घरांची टंचाई वाढली की कडेला बांधकाम करावं ही मागणी पुन्हा डोकं वर काढते. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं आहे, म्हणून ही गोष्ट आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितली.

या माळावर एका कोपऱ्यात सामाईक भाजीबाग आहे. जमीन खणायची परवानगी नाही, म्हणून लोक जुन्या फळ्यांच्या पेट्या करतात, त्यात माती भरतात आणि टोमॅटो, भोपळे, पुदिना लावतात. त्या बागेच्या नावात ‘आलमेंडे’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ गावाची सामाईक जमीन, म्हणजे आपलं गायरानच. शब्द परका, पण वस्तू आपल्या ओळखीची.

भाजीचा विषय निघालाच आहे तर बर्लिनच्या परसबागांकडे वळू. तिथे बहुतेक लोक इमारतीत भाड्याने राहतात, दाराशी माती नसते. म्हणून शहरात जमिनीचे लहान तुकडे भाड्याने मिळतात. बर्लिनमध्ये असे सुमारे ७० हजार तुकडे आहेत. त्यांना ‘श्रेबरगार्टन’ म्हणतात. डॉक्टर श्रेबर हे लायपझिग शहरातले. त्यांच्या नावाची मंडळी तिथे १८६४ साली स्थापन झाली, मुलांना खेळायला मोकळी जागा मिळावी म्हणून. पुढे एका शिक्षकाने त्या मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले. मुलं चार दिवसांत कंटाळली आणि आई-बापांनी ते वाफे ताब्यात घेतले. दोन्ही महायुद्धांच्या भुकेच्या काळात अशाच बागांनी कितीतरी घरांना जेवू घातलं.

१९८३ सालापासून या बागांचा देशभर एक कायदा आहे. बाग ४०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम ४ गुंठ्यांपेक्षा मोठी नसावी. आत लहान खोपी चालते, पण ती २४ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे २६० चौरस फूट, आणि तिथे कायमचं राहायचं नाही. साधारण एक तृतीयांश जागेत फळं आणि भाजी पिकवायलाच हवी, नुसतं गवत आणि फुलं चालत नाहीत. भाडं कमी ठेवलेलं असतं, म्हणून मागणी खूप आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

तिकीट काढून बघायच्या बागाही आहेत. डालेम भागातली वनस्पती-बाग ४३ हेक्टरांची. जगभरच्या सुमारे २० हजार जातींची झाडं-वेली तिथे आहेत. बाहेर बर्फ पडत असताना काचेच्या प्रचंड घरात ऊब ठेवून बांबूसारखी आपल्याकडच्या हवेतली झाडं जगवलेली असतात. मार्त्सान भागात ‘जगाच्या बागा’ आहेत, चिनी, जपानी, कोरियाई, बालीची अशा वेगवेगळ्या. भोवती सिमेंटच्या उंच इमारती आणि मध्ये हे सगळं.

आता राखणीचं बोलू. बर्लिनच्या रस्त्यांच्या कडेला चार लाखांहून जास्त झाडं आहेत. २०१८ आणि २०१९ चे उन्हाळे तिथे फार कोरडे गेले आणि झाडं सुकू लागली. तेव्हा लोकांना सांगण्यात आलं की आपल्या दारासमोरच्या झाडाला पाणी घाला. पाणी कुठून आणायचं? बर्लिनच्या रस्त्यांवर सुमारे २ हजार हापसे आहेत! अडीअडचणीला पाणी असावं म्हणून ठेवलेले. तिथल्या बाया-बाप्ये हापशावर बादली भरतात आणि झाडाला घालतात. कोणत्या झाडाला पाणी मिळालं, कोणतं तहानलेलं आहे, हे मोबाईलवरच्या नकाशात बघता येतं.

सगळं गोडच आहे असंही नाही. टियरगार्टनमध्ये सुट्टीच्या दिवशी लोक शेगड्या घेऊन मांस भाजायला बसायचे आणि मागे कचऱ्याचे ढीग टाकून जायचे. साफसफाईचा खर्च इतका वाढला की २०१२ पासून तिथे शेगडी पेटवायला बंदी आली. जागा सगळ्यांची असली तरी झाडू मारणारं कुणीतरी एकच असतं, हे तिथेही खरं आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीत यावर बोला. आपल्या गावात सगळ्यांची अशी मोकळी जागा कोणती आहे? ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी कशी लागली आहे, हे कुणी पाहिलं आहे का? तिथे काय व्हावं असं बायकांना वाटतं, आणि काय होऊ नये असं वाटतं? दोन्ही लिहून काढा. ग्रामसभेआधी महिला सभा असते, तिथे हा कागद ठेवा आणि त्याची नोंद इतिवृत्तात झाली का, ते वाचून बघा. तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला कळवा, आम्ही ते कार्यक्रमात वाचून दाखवू. नमस्कार.