क्षणाक्षणाचा आकडा : साधन कोणते निवडावे?

जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. पितळी यंत्रे लहान आणि त्यांचे आस झिजणारे, म्हणून सवाई जयसिंहांनी दगड-चुना निवडला. यंत्रावर दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. तथापि सूर्यबिंबाच्या रुंदीमुळे सावलीची कड धूसरच राहते. खुणा बारीक केल्या, तरी वाचन तितके अचूक होत नाही.

शेअरचे भाव क्षणोक्षणी दाखविणाऱ्या वेबपानासाठी साधने निवडतानाही हाच विवेक हवा. वेबसॉकेटमुळे सर्व्हर नवा भाव स्वतःहून धाडतो. २०१३ मध्ये खुली झालेली रिअ‍ॅक्ट लायब्ररी पडद्याचा बदललेला भागच अद्ययावत करते. मात्र एकदोन आकड्यांसाठी साधी जावास्क्रिप्ट पुरते. ग्राहकाच्या मोबाइलवर जादा भार कशाला? भावाशेजारी त्याची वेळ मात्र हवीच. जोडणी तुटली, तर गोठलेला भाव ताजा भासतो आणि ग्राहक त्यावर सौदा करून बसतो.