कॅटलॉग पाहिल्याशिवाय जुनी नोट विकू नका

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत वाडवडिलांची एखादी पेटी असते. तिच्यात जमिनीचे कागद, हजच्या प्रवासाचे कागद आणि कधी कधी दोन-चार जुन्या नोटाही निघतात. घरातले बुजुर्ग अल्लाहला प्यारे झाले की पेटी उघडली जाते आणि त्या नोटा फुटपाथवरच्या नाणेवाल्याकडे जातात. तो सांगेल तो भाव आणि देईल तेवढे पैसे. घेणाऱ्याला माल कळतो, विकणाऱ्याला कळत नाही. असा सौदा कोणत्याही धंद्यात नुकसानीचाच असतो.

कापडाचे थान आम्ही नुसत्या रंगावरून घेत नाही. सूत पाहतो, पन्हा मोजतो, किनारीवरचा छापा वाचतो. नोटेचेही तसेच आहे. फरक एवढाच की नोट ओळखण्यासाठी तयार पुस्तके आहेत.

कोणती पुस्तके?

जगभरच्या कागदी चलनासाठी अल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाच्या नावाचा कॅटलॉग प्रमाण मानतात. त्यात प्रत्येक नोटेला नंबर असतो आणि व्यापारी त्याला 'पिक नंबर' म्हणतात. नंबर सांगितला की मुंबईचा आणि लंडनचा व्यापारी एकाच नोटेविषयी बोलू लागतात. भारतीय नोटांसाठी किशोर झुनझुनवाला आणि रिझवान रझाक यांचा इंग्रजी संदर्भग्रंथ २०१२ साली निघाला. त्यात सह्या, नंबरापुढची अक्षरे आणि बारीकसारीक फरक यांचे तपशील आहेत. रझाक यांनी बंगळुरूमध्ये भारतीय कागदी चलनाचे संग्रहालयही उभे केले आहे.

हज नोट आणि खाडीची नोट

रिझर्व्ह बँकेने १९५९ साली हाजींसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या. सौदी अरबस्तानात त्या देऊन तिथले चलन घ्यायचे, असा त्यांचा उपयोग होता. त्याच वर्षी कुवेत, बहरीन, कतर वगैरे खाडीच्या मुलखासाठीही वेगळ्या नोटा निघाल्या. तिथे तोपर्यंत आपलाच रुपया चालत असे. त्याच्या आडून सोन्याची तस्करी होई आणि परकीय चलन बाहेर जाई. म्हणून तिकडचा रुपया वेगळा केला गेला. पुढे कुवेतने १९६१ साली, बहरीनने १९६५ साली आणि कतरने १९६६ साली हा रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालला.

आता ओळख पाहा. हजची १० रुपयांची नोट निळी, १०० ची लाल. नंबरापुढे इंग्रजी 'एचए' ही अक्षरे आणि दर्शनी बाजूस इंग्रजीत 'हज' हा शब्द. खाडीची १० ची नोट लाल, १०० ची हिरवी, ५ ची नारिंगी आणि नंबरापुढे 'झेड'. सही तेव्हाचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांची. खाडीची १ रुपयाची नोटही लाल असून ती भारत सरकारची होती, त्यामुळे तिच्यावर गव्हर्नरांची सही नसते. पिकच्या कॅटलॉगमध्ये या सगळ्या नोटा 'आर' अक्षराच्या नंबरांखाली मिळतात. फक्त रंगावर भरवसा ठेवू नये. रंग उन्हाने उडतो आणि रसायनाने बदलताही येतो. रंग, अक्षरे, सही आणि जलचिन्ह या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

हैदराबादची नोट

मराठवाड्यातील जुन्या घरांत निजामाच्या राज्याची नोट निघू शकते. १९१८ च्या कायद्यानंतर हैदराबादने स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही रक्कम असे. इथे उर्दू शिकलेल्या माणसाचा फायदा आहे, पण एक धोकाही आहे. या नोटांवरचे साल फसली असते. ते हिजरी समजून हिशेब केला तर चुकतो. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येते. म्हणजे फसली १३३१ हे सुमारे १९२१-२२. याच नोटांचा काही माल 'इजिप्त' जहाजाबरोबर मे १९२२ मध्ये फ्रान्सजवळ समुद्रात बुडाला. पुढे तो वर काढला गेला आणि त्या नोटा आज संग्राहकांत वेगळ्या मोजल्या जातात.

नाशिकच्या छापखान्यात १९४८ साली पाकिस्तानसाठी छापलेल्या भारतीय नोटांवर 'हुकूमत-ए-पाकिस्तान' असे उर्दूत आणि तेच इंग्रजीत असते. ही ओळ न वाचता नोट साधी समजून देऊन टाकू नये.

प्रत आणि भाव

नोटेचा नंबर सापडला म्हणजे भाव ठरला असे नाही. कोरी, किंचित घडी पडलेली, वापरलेली आणि फाटकी अशा प्रती असतात, आणि कोरी व फाटकी यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. कॅटलॉगमधला भाव हा अंदाज असतो. खरा बाजार लिलावातल्या विक्रीवरून कळतो.

७८६ चा नाद

आकडा ७८६ असलेल्या नोटेला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती आपल्याच लोकांना फसवतात. आवड असणारा थोडे जास्त देईलही, पण त्या आकड्याने साधी नोट दुर्मिळ होत नाही. 'आधी फी भरा, मग पैसे मिळतील' म्हणणारा चोर समजावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये असा इशारा दिला आहे की, जुन्या नोटांच्या व्यवहारात बँक कसलीही फी वा कमिशन मागत नाही. शिवाय चालू चलन दर्शनी किमतीपेक्षा जास्त घेऊन विकावे का, हा शरीअतचा प्रश्न आहे. तो आलिमांना विचारूनच व्यवहार करावा.

कायदाही ध्यानात असू द्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास वा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. त्यापुढे दंड होतो.

शेवटी दुकानदार बंधूंना एक सांगणे. रसूलुल्लाह (स.) यांनी मालातला ऐब लपवून विकण्यास मनाई केली आहे. शिवलेली नोट कोरी म्हणून विकणे हे त्यातच येते. एखाद्या बेवा बाईने आणलेली हज नोट कॅटलॉग मिटून शंभर रुपयांत घेणेही इमानदारीत बसत नाही. पुस्तक दोघांसमोर उघडा, नंबर दाखवा आणि मग भाव करा. बरकत अशाच सौद्यात असते.